बेडफर्डच्या सीटखालचा नारळ

आमच्या घरी एक बेडफर्ड लॉरी होती, हे मी लोकांना हौसेनं सांगतो. पेट्रोलवर चालणारी, गोल नाकाची, विलायती बनावटीची. रंग मुळात हिरवा. वडिलांनी ती पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली घेतली आणि मागचा लाकडी सांगाडा कराडच्या सुताराकडून नव्यानं बांधून घेतला. इथवर मी नेहमी सांगतो. ऐकणारा म्हणतो, काय गाड्या होत्या हो त्या वेळच्या, आणि मीही हो म्हणून थांबतो. पुढचं आजवर एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटली. ज्यांच्याविषयी सांगायचं त्यांतलं एकच माणूस उरलंय, आणि त्या माणसानं मला पुन्हा दारात यायला मनाई केली आहे.

आम्ही कराडजवळच्या मलकापूरचे. साठ सालानंतरची ती पाचसहा वर्षं. मी कॉलेज अर्धवट टाकून घरी बसलो होतो आणि वडिलांनी मला लॉरीबरोबर जायला लावलं होतं. भाडं ठरवायचं, माल मोजून घ्यायचा, नाक्यावर कागद दाखवायचे. गाडी चालवायचा तो आमचा ड्रायव्हर. माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा, उंच, सावळा, बोलताना मान जराशी तिरकी करणारा. त्यांच्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या काळात त्याच्या हातात लॉरीचं चाक देणारा मालक आमच्या बाजूला दुसरा नव्हता, आणि वडिलांना त्याचा अभिमान होता. ते चारचौघांत म्हणायचे, "मी जात बघत न्हाई, गिअर कसा टाकतो ते बघतो." तरी त्याचा चहाचा कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बेडफर्डचं इंजिन इतकं गोड चालायचं की लांबून शिलाई मशीन चाललंय असं वाटे. डिझेलच्या गाड्या तेव्हा नुकत्या वाढायला लागल्या होत्या. त्या आल्या की गाव जागं व्हायचं. आमची आली की फक्त कुत्री उठायची. आम्ही बहुतेक सांगलीची हळद पुण्याला न्यायचो. पोत्यांतून गळलेली पिवळी भुकटी फळ्यांच्या फटीत, बोनेटच्या खाचांत, आमच्या कानांत जाऊन बसायची. साताऱ्याच्या नाक्यावरचा चहावाला दर खेपेला तेच विचारायचा, "काय रं, नवरीला हळद लागली व्हय? लगीन कवा?" ड्रायव्हर म्हणायचा, "हळद लागून वरसं झाली. नवराच गावंना."

सकाळी गाडी गार असली की पुढून हँडल मारावं लागे. ते काम मी अंगावर घेतलं होतं. पहिल्या दिवशीच त्यानं माझं मनगट धरलं. "अंगठा हँडलच्या वर ठेवा. आत घालू नगा. इंजनानं उलटा झटका दिला तर मोडंल." मलकापुरात तो मला 'धाकलं मालक' म्हणायचा, अहो-जाहो करायचा. सातारा मागं पडला की मात्र 'गड्या' सुरू व्हायचं. कुणी ठरवलेलं नव्हतं. साताऱ्याच्या पुढं आम्ही एकाच तांब्यातून पाणी प्यायचो, एकाच कागदावर भाकरी खायचो, आणि परतताना सातारा आला की पुन्हा धाकलं मालक. मला ते गमतीचं वाटायचं. त्याला काय वाटत होतं, मी विचारलं नाही.

खंबाटकीचा घाट चढताना बेडफर्ड तापायची. भरल्या गाडीला तो चढ जडच. वर रस्त्याच्या कडेला देवीचं एक लहानसं देऊळ होतं आणि शेजारी झऱ्याच्या पाण्याचं टाकं. सगळे ड्रायव्हर तिथं थांबायचे, हात जोडायचे, नाणं टाकायचे. आमचाही थांबायचा, पण देवळाकडं पाठ करून. बोनेट उघडायचा, दगडावर बसून सावकाश बिडी ओढायचा. इंजिनाचा कढ उतरल्याशिवाय पाण्याच्या टोपणाला हात लावायचा नाही. वडिलांना दुसऱ्या गाडीवाल्यांकडून एवढंच कळायचं की तुमचा माणूस देवीपाशी न चुकता थांबतो. ते खूष. म्हणायचे, "धर्म बदलला तरी भाव कुठं जातोय?" मला खरं माहीत होतं. मी हसून सोडून द्यायचो.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. आमच्याकडं रीत अशी की मालकानं हार घालायचा, घरच्या बाईनं कुंकू लावायचं, आणि नारळ ज्याच्या हातात चाक त्यानं फोडायचा. मालकानं फोडलेला नारळ गाडीला पोचत नाही म्हणत. आधीचे दोन दसरे गाडी योगायोगानं बाहेरगावी होती, म्हणून प्रश्न आला नव्हता. त्या वर्षी ती अंगणात उभी होती. ड्रायव्हरनं पहाटेपासून ती धुतली, पितळी पट्टी चिंचेनं घासली, झेंडूचे हार ओवायला माझ्या आईला मदत केली. चारदोन शेजारी जमले. वडिलांनी नारळ पुढं केला.

तो दोन्ही हात मागं घेऊन उभा राहिला. "आण्णा, येवढं सोडून बाकी काय बी सांगा."

"का रं?"

"आमी सोडलंय ते. शपथ घेतलीया."

शेजारचा एक दुकानदार हसला. "मालक नारळ घेऊन हुभा आन् ड्रायव्हर विचार करतोय! आण्णा, आता तुमीच त्येला सलाम ठोका."

वडिलांचा चेहरा उतरला. पण ते चिडले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. दार उघडून त्यांनी नारळ सीटवर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे गाडीत. मन झालं की फोड. कुणी बघाय पायजे असं न्हाई." त्याच्यावर सक्ती नको म्हणून त्यांनी ते केलं. पुढं तेच उलटलं.

दसऱ्यानंतर तीनचार दिवसांनी आम्ही हळद भरून निघालो. नारळ अजून गाडीतच होता. वळणावर सीटखाली गडगडायचा, खड्ड्यात टणकन आदळायचा. साताऱ्याच्या पुढं मी म्हणालो, "फोड की एकदाचा, खोबरं तरी खाऊ."

तो म्हणाला, "गड्या, तुला भूक लागली आसंल तर तू फोड. खोबऱ्याशी माजं भांडान न्हाई."

त्या दिवशी मला घाई होती. ती कशाची होती तेही आता लिहून टाकतो. पुण्यात संध्याकाळचा सिनेमाचा खेळ गाठायचा होता. दुसरं काही नाही. आजारी माणूस नाही, मालाची नड नाही. माझे कॉलेजचे दोन मित्र थिएटरबाहेर थांबणार होते आणि त्यांच्यासमोर मला लॉरीबरोबर फिरणारा पोरगा दिसायचं नव्हतं. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचं होतं.

देवीपाशी गाडी पोचली तेव्हा बोनेटमधून वाफ येत होती. नेहमीपेक्षा जास्त. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं आणि दगडावर बसला. एवढ्यात खालच्या वळणावरून कुणीतरी हाक मारली. एका लॉरीचं चाक बसलं होतं आणि त्यांचा जॅक लहान पडत होता. आमचा जॅक खांद्यावर घेऊन तो उतरला. जाताना म्हणाला, "गार होऊ दे. मी आल्याबिगर हात लावू नगंस."

मी थोडा वेळ थांबलो. मग घड्याळ बघितलं. मग आणखी थोडा. गाडीखाली अडकवलेला पत्र्याचा डबा काढला, टाक्यातलं पाणी भरलं. ओलं गोणपाट टोपणावर टाकून ते फिरवलं. वाफेचा लोट उठला, मी मागं सरलो, आणि लोट बसल्यावर ते बर्फासारखं पाणी ओतलं. एक आवाज झाला. फार मोठा नाही. उकळता चहा ओतल्यावर काचेचा पेला तडकतो, तसा. मी हातातला डबा तसाच धरून उभा राहिलो. कदाचित काही झालं नसेल, असं मनाला सांगत होतो.

जॅक खांद्यावर घेऊन तो वळणावरून वर येत होता. त्यानं मला बघितलं, डबा बघितला, उघडं टोपण बघितलं. जॅक जागेवर ठेवला. मग माझ्या हातातून डबा घेतला, उरलेलं पाणी रस्त्यावर ओतून टाकलं आणि डबा त्याच्या कडीला अडकवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं मला पुढं कितीदा वाटलं. गाडी सुरू करून बघितली तर इंजिन खोकल्यासारखं करायला लागलं, मागून पांढरा धूर निघाला. त्यानं लगेच बंद केलं. ज्या गाडीला आम्ही जॅक दिला होता त्यांनीच दोर बांधून आम्हाला शिरवळपर्यंत नेलं.

शिरवळच्या मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी इंजिनाचं डोकं उतरवलं. वरपासून आत खोलवर चीर गेली होती. बेडफर्डचा तो भाग विलायतेहून यायचा, आणि तेव्हा तो मिळणं नशिबावर होतं. वडील एसटीनं आले. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "गरम इंजनात गार पानी पडलं आसंल. न्हाईतर बीडाचं लोखंडच जुनं हाय, त्येचं सांगता येत न्हाई. कवा बी तडकतं."

वडिलांनी आधी ड्रायव्हरकडं बघितलं. "पाणी कुणी वतलं?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. त्यात धमकी नव्हती, गयावया नव्हती. जेवताना दुसऱ्याचा घास संपायची वाट बघावी, तसं.

वडील माझ्याकडं वळले. "तू व्हतास न्हवं?"

मी म्हणालो, "पाणी कुणीच ओतलं नाही. चढावरच आवाज झाला. आपोआप."

मला खरंच वाटलं होतं की मी दोघांनाही वाचवलं. त्याच्यावर ढकललं नाही, माझ्यावर घेतलं नाही, जुन्या लोखंडावर टाकलं. लोखंडाला काय वाईट वाटणार? पण एवढी मोठी गाडी आडवी झाली की माणसाला कारण लागतंच, आणि मी खरं कारण काढून घेतलं होतं. ती रिकामी जागा भरायला फार वेळ लागला नाही. वडील कागद घ्यायला गाडीत चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात नारळ होता. शेंडीसकट, हळदीनं पिवळा झालेला.

"तसाच हाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "येवढ्या दिवसांत एकदा मन झालं न्हाई तुजं?"

"आण्णा, नारळाचा आन् इंजनाचा काय संबंध?"

"मग तू सांग. कशानं फुटलं?"

त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. या वेळी जास्त वेळ. मिस्त्री आत निघून गेला. माझ्या पायाजवळ एक नट पडला होता, मी तो चपलेच्या टोकानं फिरवत होतो.

"मला काय ठावं न्हाई," तो म्हणाला.

वडील म्हणाले, "तुझ्या धर्माला मी कवा आडवा आलो न्हाई. पर ज्या गाडीवर माजं पोट, तिला तू आपली मानत न्हाईस. दुसरी बघ."

त्यानं मागून आपली चादर घेतली, ताटली घेतली. तांब्या आमच्या दोघांचा होता, तो तसाच ठेवला. माझ्यासमोरून जाताना थांबला. म्हणाला, "येतो, धाकलं मालक."

शिरवळ म्हणजे साताऱ्याच्या किती पुढं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं बरंचसं मी कान झाकून ऐकल्यासारखं ऐकलंय. गोष्ट रस्त्यानं पसरली. कराड, इस्लामपूर, सांगली, जिथं जिथं लॉऱ्या थांबत तिथं तिथं. 'नारळ फोडला न्हाई आन् इंजान फुटलं.' कुठल्याच मालकानं त्याला चाक दिलं नाही. मालक जातीचा विचार करत नाही असं म्हणायचे, पण गाडीचा करायचे. तो बायकोला घेऊन सांगलीजवळ माधवनगरला गेला, एका कापड गिरणीत गाठी उचलायच्या कामावर लागला. बेडफर्ड जोडकाम करून वर्षभरानं रस्त्यावर आली. ते शिलाई मशीन पुन्हा कधी वाजलं नाही. गाडी पाणी गाळायची, चढाला धापा टाकायची. नवा ड्रायव्हर अमावास्येला नारळ फोडायचा. शेवटी वडिलांनी ती सांगलीच्या भंगारवाल्याला दिली आणि डिझेलची घेतली. बेडफर्ड नेताना हँडल तेवढं मी काढून ठेवलं. माळ्यावर आहे. त्याचं काय करायचं होतं ते मला कळलं नाही.

वडील जाईपर्यंत प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ती नारळाची गोष्ट सांगायचे. रागानं नाही, शिकवण म्हणून. मी शेजारी बसून ऐकायचो. कधी कधी विसरलेला तपशील मीच पुरवायचो.

ड्रायव्हर मला मधल्या काळात एकदाच दिसला. माधवनगरच्या फाटकापाशी आमची एसटी थांबली होती. पाळी सुटलेली माणसं सायकली ढकलत उभी होती, त्यांत तो. केसांत कापूस अडकलेला. तिरक्या मानेवरून मी ओळखला. तो रुळांकडं बघत होता. मी खिडकीची झडप खाली ओढली.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की तो वारला. साताऱ्याच्या त्याच नाक्यावर, त्या चहावाल्याच्या मुलाकडून. मी तडक सांगलीची गाडी धरली. का, ते विचारू नका. जिवंत असताना जायला पाय उचलला नव्हता.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी त्याचा फोटो, मान तिरकीच. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही. कुणाचा मुलगा ते सांगितल्यावर ओळखलं. चहा टाकला, आम्ही दोघांनी एकसारख्या कपांतून घेतला. ती आपण होऊनच बोलायला लागली. "लय गाडीचं याड व्हतं. गिरणीतनं आला की दारात बसायचा आन् रस्त्यानं कंची गाडी जातीया ते आवाजावरनं सांगायचा. मी म्हनायची, दुसऱ्याच्या गाड्या काय मोजतोस? एक नारळ फोडला असतास तर तुजी असती. दर दसऱ्याला म्हनायची मी." तिनं स्वयंपाकघराकडं हात केला. "मी तर भ्यायली व्हती. पिठाच्या डब्यामागं देवी ठेवलीया. माजी आई पुजायची ती. त्येनं एकदा बघितली. काय बोलला न्हाई. डबा परत हुता तसा ठेवला."

मग मी सांगितलं. पाणी मी ओतलं होतं. नारळाचा काही संबंध नव्हता.

ती कप खाली ठेवायची विसरली. म्हणाली, "त्येनं बघितलं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो. गावच्या बोलीत कसं आलं, ठाऊक नाही.

"माज्यापाशी बी बोलला न्हाई." मग पदरानं कप पुसल्यासारखं करत, "जलमभर मी त्येला बोलली. पोरांच्या देखत बोलली. आन् त्यो ऐकून घ्यायचा." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी मोकळं झाला. मी आता कुनापाशी मोकळी हू?"

मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसा. पयल्यापासनं सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. घाट, देवी, वाफ, जॅक खांद्यावर घेऊन तो कसा वर आला. सिनेमाचंही सांगितलं. डब्याशी आलो तेव्हा तिनं थांबवलं.

"डबा हातातनं घेतला?"

"हो."

"फेकला?"

"नाही. कडीला अडकवला."

"काय बोलला न्हाई?"

"नाही."

तिनं मान हलवली. "तसाच व्हता त्यो," ती म्हणाली.

ती दारापर्यंत आली. मी चपला घालत होतो. म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. पर फिरून येऊ नगा. तुमाला बघितलं की मला माजंच बोलनं आठवंल."

म्हणून तिकडं जात नाही. म्हणून हे इथं लिहिलं.